विश्लेषण : पोलाद कारखान्यातील स्लॅग सिमेंटची जागा घेऊ शकेल का?

लोखंड तयार करताना झोतभट्टीत उरणारा ‘स्लॅग’ एकेकाळी कारखान्याबाहेर ढिगाने पडून राहत असे. आज तो दळून सिमेंटमध्ये मिसळला जातो. यामुळे प्रदूषण घटते आणि बांधकाम टिकाऊ होते. मात्र पाणी मारण्यात हयगय झाली, तर हा फायदा हातचा जातो.

सिमेंटला पर्याय कशासाठी?

सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे क्लिंकर. त्यासाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानात भाजावी लागते. त्या वेळी चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे इंधन कितीही स्वच्छ वापरले, तरी हे उत्सर्जन टळत नाही. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. ते कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे गोणीतील क्लिंकर कमी करणे.

स्लॅग सिमेंटचे काम कसा करतो?

एक टन लोखंडामागे भारतात साधारण ३०० ते ४०० किलो स्लॅग निघतो. हा तप्त रस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटक्यात थंड केला, की वाळूसारखे काचमय दाणे तयार होतात. ते बारीक दळले आणि सिमेंटमधील चुन्याची जोड मिळाली, की ही पूडही सिमेंटसारखी घट्ट होते. हा गुणधर्म जर्मनीत १८६२ मध्ये एमिल लांगेन यांच्या लक्षात आला होता. तोच रस सावकाश निवू दिला, तर मात्र त्याचा दगड होतो. तो खडी म्हणून चालतो, सिमेंट म्हणून नाही.

फायदा कुठे, अडचण कुठे?

‘आयएस ४५५’ या मानकानुसार पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग असू शकतो. अशा काँक्रीटमध्ये खारे पाणी सहज झिरपत नाही, त्यामुळे आतील सळया उशिरा गंजतात. कोकण किनाऱ्यावरील बांधकामांसाठी हा गुण मोलाचा आहे. काँक्रीट घट्ट होताना उष्णताही कमी निर्माण होते, म्हणून धरणे आणि जाड पायांमध्ये तडे जाण्याचा धोका घटतो.

पण सुरुवातीच्या दिवसांत त्याची ताकद सावकाश वाढते. सेंट्रिंग काढण्याची घाई येथे महागात पडू शकते. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस पाणी मारणे पुरते, तर मिश्र सिमेंटसाठी ‘आयएस ४५६’ किमान १० दिवस सांगते आणि १४ दिवसांची शिफारस करते.

कोणताही स्लॅग चालतो का?

नाही. लोखंडापासून पोलाद करताना निघणारा स्लॅग वेगळा असतो. त्यातील मोकळा चुना ओलावा मिळताच फुगतो आणि काँक्रीटला तडे पाडू शकतो. म्हणून प्रक्रिया करून तो रस्त्यांसाठी वापरला जातो. सुरतजवळ हाजिरा येथे २०२२ मध्ये असा सहापदरी रस्ता झाला. त्यानंतर मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यातही हा प्रयोग झाला.

हा साठा पुरेल का?

झोतभट्टीतील चांगल्या स्लॅगचा मोठा भाग जगभरात आधीच वापरला जातो. शिवाय पोलाद उद्योगही कोळशावरील झोतभट्ट्यांपासून दूर जाऊ पाहतो आहे. ब्रिटनमधील पोर्ट टॅलबट येथील अखेरची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. भट्ट्या घटल्या, की स्लॅगही घटणार. म्हणूनच भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरणाऱ्या ‘एलसी३’ सिमेंटकडे लक्ष वळले आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्याचेही मानक जाहीर केले. भारतात झोतभट्ट्या अजून धगधगत आहेत, तोवर त्यांचा स्लॅग ढिगात पडू देणे परवडणारे नाही.