डाग फिल्मवर की काचेवर?
जुन्या निगेटिव्ह घरी स्कॅन करताना

हिवाळ्याच्या सुट्टीत घरी गेलात की कपाटाचा वरचा कप्पा एकदा उघडून पाहा. रायपूरच्या तात्यापारा-बूढापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत काय किंवा नागपूर-अमरावतीच्या घरांत काय, बिस्किटांच्या डब्यात नाहीतर फोटो स्टुडिओच्या पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या हमखास सापडतात. त्यांत आजोबांचे एनसीसी शिबिर असेल, काकांचा गणवेशातला पहिला फोटो असेल. भिंतीवरचा फोटो ही नक्कल आहे, मूळ दस्तऐवज म्हणजे निगेटिव्ह. छापताना कडा कापल्या जात. त्यामुळे रांगेच्या टोकाला उभा असलेला जवान छापील फोटोत अर्धाच दिसतो आणि निगेटिव्हमध्ये पूर्ण सापडतो.

स्कॅनर किंवा मोबाइल वापरून या पट्ट्यांचे फोटो घरी करता येतात. पण पहिल्याच प्रयत्नात ठिपके, रेघा, वलये, निळसर झाक असे काहीतरी दिसते आणि मुले लगेच संगणकावर ते पुसायला बसतात. तिथेच गडबड होते. रेडिओ सेट बंद पडला की प्रशिक्षक आधी विचारतात, दोष बॅटरीत, एरियलमध्ये की सेटमध्ये? इथेही तोच प्रश्न विचारायचा: दोष फिल्ममध्ये आहे, यंत्रात आहे की आपल्या मांडणीत?

पट्टी फिरवून पाहा

दोष दिसला की पट्टी उलटी न करता, सपाट ठेवूनच अर्धा फेरा (१८० अंश) फिरवा आणि पुन्हा स्कॅन करा. दुसरे चित्र संगणकावर सरळ करून पहिल्याशेजारी ठेवा. डाग त्याच चेहऱ्यावर असेल तर तो फिल्मवर आहे. चेहरा सोडून दुसरीकडे गेला असेल तर तो काचेवर किंवा यंत्रात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. काच पुसली, पट्टी फिरवली आणि सेटिंगही बदलले, तर दोष कशामुळे गेला हे कळणारच नाही.

दुसरी खूण कडेची. चित्राच्या चौकटीबाहेर, दातांच्या भोकांपर्यंत पांढुरका पट्टा पसरला असेल, तर जुन्या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातून उजेड आत शिरला होता. झाडाच्या फांद्यांसारख्या विजेच्या रेषा दिसल्या, तर कोरड्या हवेत फिल्म घाईने गुंडाळताना स्थिर विजेची ठिणगी पडली होती. हे दोष फोटो काढला त्या काळातले आहेत. स्कॅनर कितीही पुसला तरी ते जाणार नाहीत.

पांढरे आणि काळे

निगेटिव्हमध्ये सगळे उलट असते. धूळ उजेड अडवते, म्हणून सरळ केलेल्या चित्रात ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. फिल्मच्या चकचकीत बाजूवरचा ओरखडाही उजेड विखुरतो आणि पांढरी रेघ देतो. मंद, कमी चमकणाऱ्या बाजूवर चित्राचा थर असतो. तो खरवडला गेला असेल तर तिथून जास्त उजेड जातो आणि रेघ काळी येते. म्हणून पांढरा ठिपका दिसला तर आधी स्वच्छता करा. काळी रेघ दिसली तर समजा की तेवढे चित्र कायमचे गेले आहे.

उरला-सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ रायपूरकरांना सांगायला नको, सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पुन्हा काळी होते. त्यामुळे काम पहाटे करा. खिडक्या आणि पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत तर बसूच नका, कूलर हवेत ओलावा आणि धूळ दोन्ही सोडतो. पट्टी कडांनी धरा. धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक शिंतोडा धुळीपेक्षा वाईट. संचलनाचे पांढरे हातमोजे धागे सोडत नसतील तरच वापरा.

काही स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून पुसण्याची सोय असते. ती रंगीत निगेटिव्हसाठी उत्तम आहे. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चित्रच चांदीच्या कणांचे असते आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. यंत्र मग नाक-डोळेच धूळ समजून पुसू लागते. कृष्णधवल पट्टीला ही सोय बंद ठेवा. फिल्मच्या कडेवर ‘इंदू’ हे नाव दिसले तर ती उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची आहे.

रेघ, वलये, पट्टे

प्रत्येक चित्रात त्याच जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ आली तर दोष यंत्राचा. फ्लॅटबेड स्कॅनर काम सुरू करण्याआधी काचेच्या एका पट्टीवर उजेड मोजून घेतो. त्या जागी धुळीचा एक कण असला तरी त्याची रेघ प्रत्येक चित्रात उतरते. ती जागा स्वच्छ आणि मोकळी ठेवा.

पाण्यावर तेल पसरावे तशी वलये दिसली, तर फिल्मची चकचकीत बाजू काचेला चिकटते आहे. यांना न्यूटनची वलये म्हणतात. पट्टी चौकटीत बसवून काचेपासून थोडी वर उचला किंवा मंद बाजू काचेकडे करा आणि चित्र नंतर संगणकावर उलटवा. पट्टी वळलेली असेल तर स्वच्छ कागदात ठेवून जाड पुस्तकांखाली काही दिवस दाबा. इस्त्री अजिबात नको.

मोबाइलने फोटो घेताना आडवे काळपट पट्टे आले तर दिव्याकडे पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. मोबाइल स्टँडवर ठेवा आणि शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा. दुसऱ्या मोबाइलचा पडदा दिवा म्हणून वापरलात तर त्याचे चौकोनी ठिपके चित्रात उतरतात. मध्ये दुधी अॅक्रिलिकचा तुकडा ठेवा आणि फिल्म पडद्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा.

रंगीत चित्र निळसर आले तर घाबरू नका. रंगीत निगेटिव्हचा पायाच नारिंगी असतो, तो उलटला की निळा होतो. ‘कलर निगेटिव्ह’ हा पर्याय निवडा किंवा चौकटीबाहेरच्या कोऱ्या नारिंगी भागावरून रंग जुळवून घ्या.

जिथे हात आखडता घ्यायचा

कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले डाग म्हणजे बुरशी. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती वाढते. बुरशीने पोखरलेला थर पाण्यात विरघळू शकतो, म्हणून पट्टी पाण्याने धुवू नका. आहे तशी स्कॅन करा आणि मग कोरड्या जागी ठेवा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे. ती पट्टी इतरांपासून वेगळी करा, कागदी पाकिटात ठेवा आणि सर्वांत आधी तीच स्कॅन करा. तिच्यासाठी वेळ थोडा आहे.

१९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल आणि कडेवर ‘सेफ्टी’ असे छापलेले नसेल, तर ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट झटकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि प्रभातच्या काळाचा अमोल ठेवा जळून गेला. अशी पट्टी गरम दिव्यावर ठेवू नका, जाणकाराला दाखवा.

नावे लिहा

३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटर असते. २४०० डीपीआयला तिचे सुमारे ३४०० × २२७० ठिपके मिळतात. सुमारे अकरा × साडेसात इंचांच्या छापील फोटोला ते पुरेसे आहेत. पहिले स्कॅन टिफ स्वरूपात जपा आणि त्याला हात लावू नका. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा. अंधूक चेहरा ‘आपोआप स्पष्ट’ करणाऱ्या ॲपपासून दूर राहा. ते अंदाजाने नवे डोळे बसवते, आणि ते डोळे आजोबांच्या सोबत्याचे नसतात.

शेवटची तपासणी दिशेची. चित्र डावे-उजवे उलटे तर नाही ना? जवान स्वतःची पदके डाव्या छातीवर लावतो, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला ती उजवीकडे दिसली पाहिजेत. पाटीवरची अक्षरेही वाचून पाहा. हे इतके महत्त्वाचे का, तर पुढचे काम त्यावर उभे आहे. स्कॅन मोठे करून आजी-आजोबांसमोर ठेवा आणि डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारा, गाव विचारा, साल विचारा. चित्र उलटे असेल तर रांगेतला प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या नावाने ओळखला जाईल.

धूळ पुढच्या हिवाळ्यातही पुसता येईल. नावे सांगणारा माणूस मात्र या सुट्टीतच गाठा.