थंड किनारा, टोकदार डोंगर, हिमाद्री

घरात आम्ही इंदूर म्हणतो, स्टेशनच्या पाटीवर इंदौर असतं आणि इंग्रजी अक्षरांत तिसरंच काहीतरी. मूळ नाव इंद्रेश्वराच्या देवळावरून पडलं, असं सांगतात. त्यामुळे एकाच जागेला दोन-तीन नावं असली तर इंदूरकराला त्याचं नवल वाटत नाही.

उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या स्वालबार्ड बेटांचंही तसंच. ७४ ते ८१ अंश उत्तरेला पसरलेल्या या भूमीचा निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली. नाव ठेवायला मूळचं गावकरी कुणी नव्हतंच, म्हणून आला त्यानं जहाजावरून जे दिसलं ते ठेवलं. १५९६ मध्ये डच खलाशी विलेम बारेंट्सला सुळके दिसले आणि झालं ‘स्पिट्सबर्गन’, टोकदार डोंगर. त्याआधी वाटेतल्या एका बेटापाशी पांढऱ्या अस्वलाशी झुंज झाली, ते अस्वल बेट.

१९२० च्या पॅरिस करारानं ही बेटं नॉर्वेकडे गेली. करारात ब्रिटिश हिंदुस्थानही होता. नॉर्वेनं ११९४ च्या आइसलँडी नोंदीतला जुना शब्द उकरून काढला: स्वालबार्ड, म्हणजे थंड किनारा. ती नोंद याच बेटांची की दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण डच नावापेक्षा पूर्वजांचं नाव सोयीचं! स्पिट्सबर्गन आता फक्त सर्वांत मोठ्या बेटाचं नाव. रशियन मात्र अजून सगळ्या समूहालाच तसं म्हणतात.

तिथलं मुख्य गाव लाँगियरब्येन. लाँगियर हा अमेरिकन कोळसा खाणवाला आणि ब्येन म्हणजे गाव. माणसाच्या नावाचं गाव, म्हणजे आपल्या इंदूरचं मल्हारगंज, तुकोगंजच म्हणा ना.

भारताची पाटी लागली ती त्याच्याही उत्तरेला, न्यू-ऑलेसुंडला. हीही कोळशाचीच वस्ती. १९६२ च्या स्फोटात २१ खाणकामगार गेले आणि खाण बंद पडली. आता तिथे देशोदेशीची संशोधन केंद्रं आहेत. भारताचं २००८ पासूनचं केंद्र ‘हिमाद्री’, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. न्यू-ऑलेसुंडच्या खाडीच्या टोकाला स्वेया, नोरा, दाना ही तीन शिखरं उभी. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कच्या नावांची. गावात मोबाइलचं वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवायचं, कारण तिथली उपकरणं आकाशातले अगदी क्षीण रेडिओ संकेत टिपत असतात. आणि दारांना सहसा कुलूप नाही. अस्वल मागे लागलं, तर जे दार जवळ असेल ते उघडायचं.