दुव्याला नाव हवे!

समजा, तुमच्या शाळेच्या संकेतस्थळासाठी तुम्ही ‘आमचा अलिबाग किनारा’ या विषयावर काही पाने लिहिली आहेत. एका पानावर वाक्य आहे : ‘कुलाब्याच्या माहितीसाठी येथे टिचकी मारा.’ त्यातला ‘येथे’ हा शब्द निळा व अधोरेखित, म्हणजेच तो दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा आहे. यात काय चुकले, सांगता येईल?

मुळात कुलाबा कोणता? अलिबागसमोरचा समुद्रातला किल्ला कुलाबा, मुंबईचे दक्षिण टोकही कुलाबा आणि रायगड जिल्ह्याचे १९८१ पूर्वीचे नावही कुलाबाच! मुंबईच्या कुलाब्यातील चुंबकीय निरीक्षणांना विजेच्या ट्रामगाड्यांचा अडथळा होणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. आता ‘येथे’ म्हटल्यावर वाचकाने यांपैकी कोठे जायचे?

प्रत्येक दुव्याचे दोन भाग असतात : एक पानाचा पत्ता आणि दुसरा पडद्यावर दिसणारे शब्द. या शब्दांना ‘अँकर टेक्स्ट’ म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. नांगर होडीला एका जागी धरून ठेवतो, तसे हे शब्द वाचकाचे मन नेमक्या विषयावर ठेवतात.

हे शब्द कोण वाचते? घाईत नजर फिरवणारा वाचक प्रथम निळे शब्दच पाहतो. ज्यांना दिसत नाही, ते पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली वापरतात. तिच्याकडून पानावरील केवळ दुव्यांची यादीही ऐकता येते. त्या यादीत ‘येथे, येथे, येथे’ एवढेच ऐकू आले तर काय कळणार? तिसरा वाचक म्हणजे शोधयंत्र. दुव्याचे शब्द पुढच्या पानाचे वर्णन करतात, असे धरून ते चालते. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ सालच्या आपल्या लेखात ही पद्धत सांगितली आहे.

याचे महत्त्व किनाऱ्यावर चटकन पटते. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते. भरतीत ती वाट पाण्याखाली जाते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज उपयोगी नाही. अशा वेळी ‘येथे’ ऐवजी ‘कुलाबा किल्ल्याजवळील ओहोटीच्या वेळा’ असा दुवा असेल, तर पर्यटकाला हवे ते पान लगेच सापडेल.

तेव्हा दुव्याचे शब्द थोडे, नेमके आणि पुढच्या पानाशी प्रामाणिक असावेत. दोन वेगळ्या पानांना एकच नाव देऊ नये आणि संपूर्ण परिच्छेदच निळा करू नये.

आता एक प्रयोग करा. मित्राला डोळे मिटायला सांगून आपल्या पानावरील फक्त दुवे वाचून दाखवा. प्रत्येक दुवा कोठे नेतो, हे त्याला ओळखता आले, तर तुमचे पान उत्तीर्ण!