बंड्याचा पत्ता

गेल्या वर्षी नरकासुराच्या रात्री आमचा बंड्या पळाला. फटाके आणि डीजेच्या आवाजानं तो बिथरला आणि फाटकाखालून निसटला. आमची दिवाळी तिथंच संपली. आई तर फराळाला शिवलीसुद्धा नाही. मी मात्र सगळ्यांना धीर देत होतो, "घाबरू नका, त्याला चिप आहे ना!"

माझी समजूत अशी, की मोबाइलवर ठिपका दिसेल आणि आपण जाऊन कुत्रा घेऊन येऊ. तसं काही नसतं. मायक्रोचिप असते तांदळाच्या दाण्याएवढी. डॉक्टर ती सुईनं दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. स्कॅनर जवळ धरला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि फक्त १५ आकडी नंबर सांगते. मालकाचं नाव, फोन, पत्ता चिपमध्ये नसतोच. तो असतो नोंदणीत, आपण भरून दिलेल्या फॉर्मवर.

बंड्या चौथ्या दिवशी शेजारच्या गावात सापडला. तिथल्या पोदेरानं त्याला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं होतं. नंबर मिळाला, नोंदही मिळाली. पण फोन बाबांचा जुना, बेळगावचा. म्हापशाला आल्यावर तो बंद केलेला. पत्ताही तिकडचाच. कुत्रा पाच किलोमीटरवर, आणि आम्हाला कळवायचं कसं हे कुणालाच कळेना. शेवटी आम्हीच फोटो घेऊन दवाखाने पालथे घातले, म्हणून भेट झाली.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "चिपनं तिचं काम केलं. तुमचं राहिलं."

ते काम काय, तर एवढंच. घर किंवा फोन बदलला की नोंद बदलायची. दुसरा नंबर नातेवाइकाचा द्यायचा. कुत्रा कुणाला दिला, तर नोंद नव्या मालकाच्या नावावर करायची. आपल्याकडे सगळ्या चिप्सची मिळून एकच नोंदवही नाही. म्हणून नंबर आणि तो कुठं नोंदवलाय, दोन्ही लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवायचं. रेबीजच्या लशीला जाल तेव्हा एकदा स्कॅनही करून घ्या. चिप कधी कधी जागेवरून सरकते. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवाच, कारण रस्त्यावरच्या माणसाकडे स्कॅनर नसतो.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना आणि जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची आहे. तिथं नुसती चिप बसवून भागत नाही, माहिती ताजी ठेवणं हीसुद्धा मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

आम्ही बंड्याची नोंद त्याच संध्याकाळी बदलली. दहा मिनिटं लागली. तुमच्या घरी कुत्रा-मांजर असेल, तर यंदाच्या नरकासुराआधी ते कार्ड एकदा काढून बघा.