संशोधनातली लबाडी ओळखायची कशी, कळवायची कुठे?

संशोधनातली लबाडी म्हणजे कॉपी-पेस्ट, एवढंच बहुतेकांना वाटतं. खरं तर तिचे मुख्य प्रकार तीन.

समजा, तुम्ही येलदरी धरणाच्या पाण्याचा वर्षभर अभ्यास करताय. दर महिन्याला नमुने घ्यायचे ठरलंय. ऑगस्टमध्ये पावसामुळे जाता आलं नाही, म्हणून जुलै-सप्टेंबर बघून ऑगस्टचे आकडे अंदाजाने भरले, तर तो बनावट डेटा. गेलात, पण आलेख बिघडवणारं रीडिंग गुपचूप वगळलंत, तर तो फेरफार. दुसऱ्याच्या थीसिसमधला परिच्छेद संदर्भ न देता उचललात, तर ते वाङ्मयचौर्य. मात्र 'ऑगस्टचा नमुना घेता आला नाही' असं सरळ लिहिलंत, तर त्यात काहीच गैर नाही.

सॉफ्टवेअरवर विसंबू नका

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार थीसिसमध्ये १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित थीसिस देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण हे नियम वाङ्मयचौर्यापुरते आहेत. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, बनवलेला आकडा त्याला दिसत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातलं प्रकरण बघा. २००६ मध्ये निनावी ई-मेलने आरोप झाला की, एका शोधनिबंधातल्या ब्लॉटच्या प्रतिमा आधीच्याच निबंधातल्या आहेत, फक्त नावं बदललीत. लेखकांनी तो नाकारला. एका समितीने दोष दाखवला, तर दुसरीने क्लीन चिट दिली. पण नियतकालिकाने २००७ मध्ये निबंध मागे घेतला आणि २०१० मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने तीन वर्षांची बंदी घातली. म्हणजे निकाल लगेच आणि एकमताने लागेलच असं नाही. टिकतो तो पुरावा: दोन प्रतिमा शेजारी-शेजारी.

तक्रार कुठे?

वाङ्मयचौर्याची तक्रार आधी विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे करायची. ती ४५ दिवसांत संस्थेच्या समितीला अहवाल देते. विभागप्रमुख या समितीचे अध्यक्ष असतात. तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल तर ते त्यात बसू शकत नाहीत. डेटाविषयी शंका असेल तर संस्थाप्रमुखांना लेखी कळवा आणि निबंध एखाद्या नियतकालिकात आलेला असेल तर संपादकांनाही.

अर्जात 'चोर' वगैरे शब्द नकोत. कुठलं पान, कुठली आकृती, कशाशी जुळते, एवढंच लिहा. पोच घ्या, प्रत जपून ठेवा. आणि स्वतःची फील्ड डायरी तारखेसह लिहीत चला. उद्या कुणी तुमच्यावर बोट दाखवलं, तर तीच कामी येईल.