तंबूला सावली, तबकडीला आकाश

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची उंच पर्वतरांग आहे. तिच्या पश्चिम उतारावर मॅमथ पूल नावाचा एक जलाशय असून उन्हाळ्यात त्याच्या काठी तंबू ठोकून राहायला पुष्कळ कुटुंबे येतात. ४ सप्टेंबर २०२० रोजी त्या भागात वणवा पेटला. दुसऱ्या दिवशी तो इतक्या झपाट्याने पसरला की, बाहेर पडण्याची वाट आगीने अडवली आणि दोनशेहून अधिक माणसे पाण्याच्या काठी अडकून पडली. त्या रात्री नॅशनल गार्ड या सैन्यदलाच्या हेलिकॉप्टरांनी धुरातून वाट काढीत त्यांची सुटका केली.

अशा दऱ्याखोऱ्यांत मोबाइलचा उपयोग बहुधा होत नाही. मोबाइलच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मनोरा आणि आपण यांच्या मध्ये डोंगर आला की संपर्क तुटतो. वणव्याची सूचना मिळवायची किंवा जखमी सोबत्यासाठी मदत मागवायची, तर आडवा न जाणारा, डोक्यावरून येणारा मार्ग हवा. तो मार्ग म्हणजे कृत्रिम उपग्रह. २०२० च्या त्या सप्टेंबरात उपग्रहावरून वेगवान इंटरनेट घेण्याचे सुटसुटीत साधन हौशी प्रवाशाच्या हाती आलेले नव्हते. आज ते आले आहे. ‘स्टारलिंक मिनी’ हे त्यांपैकी एक. अमेरिकेत ते २०२४ मध्ये विक्रीला आले. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर आणि वजन किलोपेक्षा थोडे अधिक. म्हणजे तुमच्या आजोबांच्या शाळेतल्या पाटीहून फारसे मोठे नाही!

पण पाठपिशवीत यंत्र असणे आणि रानात ते चालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ते कुठे ठेवायचे आणि त्याला वीज कोठून द्यायची, हे दोन प्रश्न सोडवताना तुमच्या पाठ्यपुस्तकातली त्रिकोणमिती आणि ओहमचा नियम कसे धावून येतात, ते आपण पाहू या.

आधी ही पाटी करते काय? आपल्याकडे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून दाखवले गेले. त्यासाठी तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या तबकड्या उभारल्या होत्या. जाळीतून लहरी निसटत कशा नव्हत्या? त्या लहरींची लांबी होती सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके त्या मानाने अगदी बारीक. लहरींच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे सलग पत्राच होता. शिवाय तो उपग्रह भूस्थिर होता. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेत फिरे. तबकडी एकदा त्याच्याकडे वळवली की काम झाले.

स्टारलिंकचे उपग्रह मात्र फक्त पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर या वेगाने जातात. इतके जवळ का? भूस्थिर उपग्रहामार्फत प्रश्न पाठवून उत्तर मिळवायचे, तर लहरींना ३६,००० किलोमीटरच्या चार खेपा कराव्या लागतात. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. बोलताना तेवढा खंड फार जाणवतो. जवळच्या उपग्रहामुळे हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येतो. पण त्याची किंमत मोजावी लागते: एक उपग्रह आपल्या माथ्यावर फार तर तीन-साडेतीन मिनिटे राहतो. मग दुसरा गाठायचा, नंतर तिसरा.

दर तीन मिनिटांनी तबकडी फिरवत बसणार कोण? कोणीच फिरवत नाही. पाटीच्या आत शेकडो चिमुकले ॲन्टेना ओळीने मांडलेले असतात. एखाद्या तळ्याच्या काठी दहा मुले ओळीने उभी आहेत अशी कल्पना करा. सर्वांनी एकदम खडे टाकले, तर लाटांची आघाडी सरळ समोर जाईल. आता डावीकडच्या मुलाने आधी, त्याच्या शेजाऱ्याने क्षणभराने, पुढच्याने आणखी क्षणभराने असे खडे टाकले, तर लाटांची आघाडी उजवीकडे वळेल. मुले जागची हलली नाहीत, तरी लाटेची दिशा बदलली! पाटी हेच करते. प्रत्येक ॲन्टेनाच्या लहरीला किंचित वेगळा उशीर लावून ती आपला झोत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर नेते. पाटीला मोटर नाही, गोलाई नाही. तरी लोक तिला सवयीने तबकडीच म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

हा झोत कितीही वळत नाही. तबकडीच्या समोरचे ११० अंशांचे क्षेत्र तिला दिसते, म्हणजे मध्यरेषेपासून चहूबाजूंनी ५५ अंश. तबकडी आडवी ठेवली, तर क्षितिजापासून ३५ अंशांपर्यंतचे आकाश तिच्या उपयोगाचे नाही. तेथे झाडे असली तरी बिघडत नाही. त्याच्या वर मात्र काही नको. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. ओली पाने त्यांना शोषतात, फांद्या त्यांना विखुरतात. धुराचे कण मात्र लहरीच्या मानाने इतके सूक्ष्म की, लहर त्यांच्यातून सहज निघून जाते. वणव्याच्या वेळी ही मोठीच जमेची बाजू आहे.

समजा, तंबूजवळ २० मीटर उंचीचे पाइन वृक्ष आहेत. त्यांचे शेंडे ३५ अंशांच्या खाली राहायला हवेत, तर तबकडी किती दूर हवी? ३५ अंशांच्या टॅनची किंमत ०.७. तेव्हा २० भागिले ०.७, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस मीटर. त्याच पर्वतात सिक्वोया नावाचे महावृक्ष आहेत. त्यांतला ८० मीटर उंचीचा एखादा शेजारी असला, तर ११४ मीटर दूर जावे लागेल!

यावर काही जण तबकडी दोन मीटरच्या खांबावर चढवतात. हिशेब करून पाहा. झाड आता तबकडीपेक्षा १८ मीटरच उंच, म्हणून अंतर हवे सुमारे पावणेसव्वीस मीटर. बचत झाली तीन मीटरांची. तीन मीटर चालून जे मिळाले असते, ते खांबाने मिळवले, आणि वर वाऱ्याशी वैर पत्करले. ताशी ५४ किलोमीटरचा वारा पाटीवर समोरून आदळला, तर सुमारे सव्वा किलो वजनाइतके बल लावतो. बल फार नाही, पण तरफ लांब आहे. तिवईचे पाय मध्यापासून अर्धा मीटर दूर टेकले असतील, तर दोन पायांना जोडणारी रेषा, म्हणजे जिच्यावरून तिवई कलंडते ती कड, मध्यापासून केवळ २५ सेंटिमीटरवर असते. तेव्हा खांब उभा राहायला सव्वा किलो गुणिले २०० भागिले २५, म्हणजे १० किलो वजन तळाशी हवे. तीच तबकडी जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवा. दीड किलोवर भागते. वारा दुप्पट झाला की बल चौपट होते, हेही विसरू नका. माझे मत विचाराल, तर बुटकी तिवई आणि तिला टांगलेली पाण्याची पिशवी यांच्यासारखी जोडी नाही. खांबाचा शौक मोटारीच्या टपावाल्यांनी करावा.

जागा निवडताना उत्तर दिशा शक्यतो मोकळी ठेवावी. या उपग्रहांपैकी बऱ्याच जणांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५३ अंशांचा कोन करतात. त्यामुळे ५३ अंश अक्षांशाजवळ त्यांची दाटी होते आणि कॅलिफोर्नियातून पाहता ती दाटी उत्तरेच्या आकाशात येते. ऑस्ट्रेलियात हेच उलट. तेथे दक्षिण महत्त्वाची.

आता खरी पंचाईत पाहा. उन्हाळ्यात तंबू झाडाच्या सावलीत हवा. तबकडीला उघडे आकाश हवे. म्हणून तंबू येथे आणि तबकडी तेथे, आणि मध्ये लांब तार! पुष्कळांचा बेत फसतो तो याच तारेत.

तंबूत १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे आणि तेथून १५ मीटरवर तबकडी. तार ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची, घरगुती दिव्याला वापरतात तशी. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून तांब्याची लांबी धरायची ३० मीटर. तिचा रोध येतो सुमारे ०.६९ ओहम. तबकडीला ३६ वॅट हवे आहेत असे धरू. ३६ भागिले १२.८, म्हणजे २.८ अँपिअर, तारेत पडणारा दाब जवळजवळ १.९ व्होल्ट. हिशेब संपला? नाही! तबकडी साध्या दिव्यासारखी नसते. दिव्याचा दाब कमी झाला की तो मंद होतो आणि प्रवाहही कमी घेतो. तबकडीतील मंडल मात्र आपले ३६ वॅट वसूल करतेच. दाब घटला की ते प्रवाह वाढवते. प्रवाह वाढला की तारेत आणखी दाब पडतो. वर्गसमीकरण मांडून सोडवलेत, तर तबकडीपाशी फक्त १०.४ व्होल्ट पोचतात, प्रवाह ३.४५ अँपिअर होतो आणि ८ वॅटहून अधिक शक्ती तार तापवण्यात जाते. या यंत्राला निदान १२ व्होल्ट हवे असतात. परिणाम असा की, ते सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते, आणि तंबूतला माणूस उपग्रहांना दोष देत बसतो.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. निर्माते सांगतात की विजेचा उगम ६० वॅट देऊ शकेल असा असावा. आपल्या तारेतून ६० वॅट जातील का? एखाद्या तारेतून जास्तीत जास्त किती शक्ती पलीकडे पोचवता येते, याचे सूत्र आहे: दाबाचा वर्ग भागिले रोधाची चौपट. येथे ते उत्तर ६० वॅटच्या जरासे खालीच येते. बॅटरी कितीही मोठी आणली, तरी या तारेतून ६० वॅट पलीकडे जाणार नाहीत!

उपाय तीन. ४ चौरस मिलिमीटरची जाड तार घ्या. मग तबकडीला १२.४ व्होल्ट मिळतात, पण पाठीवरचे ओझे वाढते. किंवा दोन बॅटऱ्या एकसर जोडून २५.६ व्होल्ट करा. तबकडीला ४८ व्होल्टपर्यंत चालते. तीच बारीक तार आता केवळ दीड वॅट खाते. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो: बॅटरीच तबकडीशेजारी नेऊन ठेवा. तार एक मीटरची पुरते, आणि तंबूपर्यंतचे १५ मीटर तबकडीच्या आत बसवलेले वाय-फाय बिनतारी ओलांडते. शिवाय सौर पटलालाही तेच उघडे आकाश हवे असते. पटलाच्या खालच्या सावलीत बॅटरीची पेटी ठेवली की तिघांचेही भागते. तार जमिनीवर मोकळी लोळू देऊ नये. सिएरात मार्मॉट नावाचा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी आहे. तो मोटारींच्या नळ्या आणि तारा कुरतडण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

बॅटरीतील विजेचे नळाच्या विजेत रूपांतर करून पुन्हा तबकडीसाठी एकदिश वीज करणे, हा द्राविडी प्राणायाम टाळावा. प्रत्येक रूपांतरात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते.

राहिला ऊर्जेचा हिशेब. सरासरी ३० वॅट धरले, तर चोवीस तासांचे ७२० वॅट-तास होतात. ५० अँपिअर-तासांची बॅटरी ६४० वॅट-तासांची असते. दिवसभरही पुरत नाही. १०० वॅटचे पटल चांगल्या उन्हात दिवसाला ३५० वॅट-तासांच्या आसपास देईल. आणि धुरात? सप्टेंबर २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात कॅलिफोर्नियातील सौर वीजनिर्मिती जुलैच्या सरासरीपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरली होती. त्यातला काही भाग ऋतूचा. तरी मोठा वाटा धुराचा. लहरींना न अडवणारा धूर सूर्यप्रकाशाला मात्र अडवतो. म्हणजे बातमीची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवशी वीज सर्वांत कमी.

म्हणून तबकडी सतत चालू ठेवणे हा चैनीचा मार्ग झाला. दर तीन तासांनी दहा मिनिटे लावली, तर दिवसाला ८० मिनिटे, म्हणजे फक्त ४० वॅट-तास. मग तीच बॅटरी ऊन नसले तरी पंधरवडाभर टिकते. चित्रपट पाहायचे असतील, तर गोष्ट वेगळी. उंचावरच्या गारठ्यात आणखी एक पथ्य: लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली असताना भारित करू नये, ती कायमची बिघडते. सकाळी ऊन लागून ती ऊबदार होईपर्यंत थांबावे.

आपल्या देशात असे उपग्रह-यंत्र परवानगीशिवाय बाळगणे किंवा वापरणे बेकायदा आहे. तेव्हा परदेशातील काकांना ते घेऊन यायला सांगू नका! पण जागा निवडण्याचे गणित मात्र तुम्हांला शाळेच्या मैदानावर करता येईल. कोनमापकाच्या सरळ कडेला शरबताची नळी चिकटवा आणि मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला एक खिळा लटकवा. नळी आडवी धरली की दोरा ९० च्या खुणेवर येतो. आता नळीतून मैदानाकडेच्या वडाचा किंवा पिंपळाचा शेंडा पाहा. सूर्याकडे मात्र नळी चुकूनही रोखू नका. दोरा ५५ च्या खुणेवर येईपर्यंत मागे मागे सरका. तो तेथे आला की तुमच्या डोळ्याजवळ तबकडी ठेवायला जागा सापडली. तेथून झाडापर्यंतचे अंतर टेपने मोजा, त्याला ०.७ ने गुणा आणि आपल्या डोळ्याची उंची त्यात मिळवा. झाड किती उंच आहे तेही कळेल.