घातलेली नळी काढायची कधी?

रुग्णालयातून घरी आलेल्या रोग्याच्या खाटेला लघवीची पिशवी टांगलेली दिसली की घरातील माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. गोळ्या, पथ्यपाणी, पुढच्या तपासणीची तारीख यांविषयी मोकळेपणाने बोलणारे कुटुंब त्या पिशवीविषयी मात्र गप्प राहते. हा संकोच रोग्यालाच महागात पडतो. नळी नीट सांभाळली नाही, किंवा गरज संपल्यावरही तशीच राहू दिली, तर जिने दिलासा द्यावयाचा तीच नव्या दुखण्याचे मूळ ठरते.

असा उपाय नवा नाही. ‘निरुद्धप्रकश’ या विकारावर दोन्ही तोंडे उघडी असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून घालावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आज सर्वत्र दिसणारी, टोकाशी फुगा असलेली नळी मात्र १९३० च्या दशकातील असून ती अमेरिकन शल्यवैद्य फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. फुग्यात निर्जंतुक पाणी भरले की नळी मूत्राशयातून निसटत नाही. ही सोय मोठी खरी. पण नळी आत राहणे इतके सोपे झाले की ती बाहेर काढण्याची आठवणही राहीनाशी झाली.

नळ्यांचे प्रकार गरजेप्रमाणे निरनिराळे आहेत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्राशय धुण्यासाठी तीन मार्गांची नळी लागते. मूत्रमार्गातून नळी जाणे शक्य नसेल तेव्हा ती ओटीपोटातून घालतात. लघवी अडत नाही पण आवरत नाही, अशा पुरुषांना बाहेरून बसविण्याची निरोधसदृश नळी पुरते. लॅटेक्सची नळी साधारणपणे काही आठवड्यांत बदलावी लागते. पूर्ण सिलिकॉनची सुमारे बारा आठवड्यांपर्यंत चालते. पिशव्याही दोन प्रकारच्या असतात: रात्री खाटेला अडकविण्याची सुमारे दोन लिटरची, आणि चालत्याफिरत्या रोग्याने मांडीला किंवा पोटरीला बांधून कपड्याखाली झाकावयाची लहान. ही दुसरी पिशवी मिळते, हेच अनेकांना कोणी सांगत नाही. मग दोन लिटरची पिशवी हातात घेऊन चारचौघांत जाण्यापेक्षा वृद्ध माणूस घराबाहेर पडणेच सोडून देतो.

नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू शिरण्याचा धोका दिवसागणिक सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जातो. म्हणूनच नळी आणि पिशवी यांचा जोड विनाकारण उघडू नये, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर पण जमिनीला न टेकता ठेवावी, ती काठोकाठ भरण्याआधी रिकामी करावी, नळीला पीळ पडू देऊ नये आणि हात लावण्यापूर्वी व नंतर ते साबणाने धुवावेत, हे नियम पाळावे लागतात. या नियमांना खर्च नाही. परंतु रुग्णालयातून निघण्याच्या घाईत ते सांगितले जातात एका दमात, आणि घरी पोचेपर्यंत विसरले जातात.

कायमच्या नळीला पर्यायही आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडीस यांनी असे दाखवून दिले, की दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करणे, आणि लगेच नळी काढून टाकणे, हे पुष्कळ रोग्यांना सुरक्षितपणे जमते. मज्जारज्जूला इजा झालेल्या तरुणांना या पद्धतीने नोकरी, प्रवास आणि संसार पुन्हा शक्य झाला आहे. त्यासाठी हवा असतो तो शिकविणारा धीराचा माणूस, आणि नळ्यांचा परवडेल असा पुरवठा.

तेव्हा मागणी माफकच आहे. नळी घातल्याची तारीख, तिचे कारण आणि ती काढण्याची वा बदलण्याची तारीख घरी सोडण्याच्या कागदावर मराठीत लिहावी. रोगी रुग्णालयात असेल तोवर ‘आज हिची गरज आहे काय?’ हा प्रश्न रोज विचारला जावा. पिशवी रिकामी करण्याची रीत परिचारिकेने सांभाळणाऱ्या माणसाकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावी. ती रात्रंदिवस सांभाळणारी बहुधा घरातली सून, मुलगी किंवा पत्नीच असते. तिच्या हाती एवढे ज्ञान देणे हे उपचाराचेच अंग मानले पाहिजे.